धडधड सुरू असतानाच ईसीजीची पट्टी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून नागपूरला हृदयतालाच्या तज्ज्ञाकडे जाणाऱ्या पुष्कळ रुग्णांची फाइल जाडजूड असते. रक्ताचे रिपोर्ट असतात, इको असतो, कधी तर अँजिओग्राफीही झालेली असते. नसतो तो धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. एसटीने चार तास जाऊन माणूस पोहोचतो तोवर ताल आपोआप जागेवर आलेला असतो आणि तिथला ईसीजी नॉर्मल निघतो. महिन्यातून एकदा होणारी धडधड २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर बांधायच्या ईसीजी यंत्रात) सापडेलच असेही नाही. खरा पुरावा मिळतो तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, त्याच घटकेला.

हा तज्ज्ञ तपासण्यांआधी विचारतो : धडधड हळूहळू वाढते, की बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते? मग टेबलावर बोटांनी ठेका वाजवून दाखवायला सांगतो. खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला जड जाऊ नये. एकसारखा, मिनिटाला १५० ते २५० ठोक्यांचा ठेका बहुतेकदा एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणाऱ्या अतिवेगवान तालाचा, असतो. बायकांच्या बाबतीत मात्र यालाच 'टेन्शन' म्हणून झोपेची गोळी देऊन मोकळे होतात. ठेका अगदीच विस्कळीत असेल तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरत असल्याची, शंका घ्यावी. त्यात हृदयात गुठळी होऊन लकवा मारण्याची भीती असते, म्हणून उपचाराची वाटच वेगळी.

आता पट्टीबद्दल. लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. घाईत लाल-पिवळीची अदलाबदल झाली की पहिल्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाची एका बाजूने टिपलेली आलेखरेषा) सगळे उलटे उमटते आणि हृदयच उजवीकडे आहे की काय असे वाटते. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी ठेवावा. बारा लीड झाल्यावर दुसऱ्या लीडची लांब पट्टी काढावी. ताल अनियमित असेल तर ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे ६ सेकंदांतले, ठोके मोजून १० ने गुणावेत. यंत्र वरच्या कोपऱ्यात जे निदान छापते त्यावर भिस्त ठेवू नये.

पट्टी हाती आल्यावरच उपचार. एसव्हीटी असेल आणि रक्तदाब ठीक असेल तर आधी फुकटचा उपाय : रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावा, लगेच आडवे करून पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत या पद्धतीने १०० पैकी ४३ जणांचा ताल जागेवर आला. नुसत्या फुंकण्याने १७ जणांचा. नाहीच जमले तर अॅडेनोसिन ६ मिग्रॅ, कोपराच्या शिरेतून झटक्यात, मागोमाग २० मिली सलाइन. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते. मनगटाच्या बारीक शिरेतून सावकाश दिले तर हृदयापर्यंत पोहोचायच्या आतच संपते आणि 'इंजेक्शन लागू पडले नाही' अशी नोंद होते. दम्याच्या रुग्णाला ते देऊ नये. ठोके रुंद आणि अनियमित दिसले तर हे इंजेक्शन जीवावर बेतू शकते. पट्टी आधी पाहायची ती याचसाठी. रुग्ण बेशुद्ध पडत असेल किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर वेळ न घालवता विजेचा शॉक. तिथे सोय नसेल तर १०८.

इंजेक्शन देताना यंत्र चालूच ठेवावे आणि ताल जागेवर आल्यावर पुन्हा एक ईसीजी काढावा. हृदयात विजेच्या संदेशाची जादा वाट असेल तर पुष्कळदा त्यातच दिसते. जांघेतल्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळायची की गोळ्यांवर भागवायचे, हे तज्ज्ञ धडधडीतली, इंजेक्शन देतानाची आणि नंतरची अशा या तीन पट्ट्यांवरून सांगू शकतो. नुसत्या 'धडधड, रेफर टू नागपूर' या चिठ्ठीवरून नाही.

मूळ पट्टी रुग्णाच्याच हाती द्यावी. ती थर्मल कागदाची असते. टिनाखालच्या पेटीत एक उन्हाळा काढला की अक्षरे पुसट होतात, गरम लॅमिनेशनमध्ये तर अख्खी काळी पडते. तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि मागे तारीख, वेळ व दिलेले औषध पेनाने लिहावे. राहता राहिला ईसीजीचा रोल. तो रात्रपाळीला कपाटात कुलपाआड नको, यंत्रातच हवा. आरोग्य विभागाने एवढे पाहावे, ही विनंती.

आपले,
ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर व ईसीजी तंत्रज्ञ,
जि. यवतमाळ