लातूरच्या मिस्तरी मामांना, स्विफ्टच्या इंटेकसाठी मनापासून थँक्यू

मिस्तरी मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत बसत नाहीत हे मला माहितीय, पण गॅरेजवरचा पोरगा तुम्हाला वाचून दाखवीलच. आणि हे मी सगळ्यांसमोर मुद्दाम लिहायलोय, कारण गाडीचा आवाज ऐकून आमच्या अंबाजोगाईतली पोरं सारखी विचारायलेत की कुठला इंटेक किट (इंजिनला हवा पोचवणारा पाईप अन् फिल्टर) टाकला, कितीला पडला, अन् प्रत्येकाला मी तेच सांगतो की किट वगैरे काही नाही, लातूरच्या मामांनी डोकं लावून केलेलं काम आहे ते.

गाडी म्हणजे आमची जुनी पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसीची, ८७ हॉर्सपॉवरची, २०१० मध्ये १.२ चं इंजिन आलं त्याच्या आधीची. इंजिन अजून एकदम खणखणीत. माझं म्हणणं एवढंच होतं की घाटात थोडी मोकळी ओढावी आणि पाय दाबला की कानाला बरं वाटावं. तसं तर कुणीही मोकळा कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूसारखा एअर फिल्टर) बसवून दिला असता, दोन क्लॅम्प आवळले असते अन् पैसे घेतले असते, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही मात्र म्हणालात, "आधी बघू तरी, हवा अडायली कुठं." मामा, माझे आभार मुख्य ह्या एका वाक्यासाठी आहेत.

काय केलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण लै लोकांना वाटतं हे मोजायला मोठं मशीन लागतं. तुम्ही गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेतली, तिचा यू केला, लाकडी पट्टीवर टाचली, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि त्यात कपड्याला लावायच्या निळीचे थेंब टाकले, म्हणजे पाणी लांबून दिसावं. एअर बॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टर बसतो त्या डब्याच्या झाकणाला फिल्टरच्या नंतरच्या बाजूला बारीक भोक पाडून नळीचं एक टोक तिथं लावलं, दुसरं टोक मोकळं, आणि पट्टी डॅशबोर्डला चिकटवली. पाणी नाचायला लागलं तर नळीत कापसाचा छोटा बोळा सरकवला, की पाणी एकदम शांत. मग पहाटे रिंगरोड मोकळा असताना मी दुसऱ्या गिअरला पूर्ण पाय दाबायचा आणि तुम्ही बाजूला बसून बोटांनी निळं पाणी मोजायचं. पाणी वीतभर चढलं. मग नळी फिल्टरच्या आधीच्या बाजूला लावून परत तेच केलं, तर फरक जेमतेम दोन बोटांचा, म्हणजे कंपनीचा कागदी फिल्टर बिचारा जवळपास काहीच अडवत नव्हता! अडवत होतं ते पुढचं नाकाडं, म्हणजे बाहेरची हवा बॉक्समध्ये आणणारा पाईप, त्याचं चपटं तोंड अन् पुढचं वळण.

आणि ह्यावर तुम्ही जो हिशोब सांगितला तो मला आजपर्यंत कुणी सांगितला नव्हता. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा, त्यातलं वीतभर पाणी म्हणजे २ टक्के. सगळी अडचण जादूनं गायब झाली तरी ८७ मधले दीड-दोन हॉर्सपॉवर भेटणार, त्याच्या वर नाही, आणि हे तुम्ही काम सुरू करायच्या आधी तोंडावर सांगितलं. गिऱ्हाईक हातचं जाईल असा विचार सुद्धा केला नाही.

मग तापमान. फ्रीजला लावतात तसला वायरवाला डिजिटल थर्मामीटर तुम्ही बॉनेटखाली टेपनं चिकटवला, आणि गावातल्या गर्दीतनं फिरून आलो तर बाहेर ४० असताना आत ७० च्या आसपास. आपल्या मराठवाड्यातला मे महिना, दुसरं काय होणार. हवा तापली की विरळ होते, आणि ४० ची हवा ७० ला गेली की तेवढ्याच जागेत ८ ते ९ टक्के कमी हवा मावते, वर इंजिनचा कॉम्प्युटर गरम हवा बघून नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागणं) होऊ नये म्हणून स्पार्क मागं घेतो, त्यानं ताकद अजून कमी होते ते वेगळंच. म्हणजे कोन बॉनेटखाली उघडा ठेवला तर २ टक्के कमवायचे आणि गर्दीत, घाटात हळू चढताना ८ टक्के घालवायचे. हायवेला गाडी पळायला लागली की बॉनेटखाली वारं खेळतं आणि हा फरक बराच कमी होतो, हे पण तुम्हीच सांगितलं, उगीच कोनला शिव्या दिल्या नाहीत. पण मला ताकद पाहिजे होती ती नेमकी घाटातच.

म्हणून बॉक्स कंपनीचा, फिल्टर कागदाचा, तसाच ठेवला. जुनं नाकाडं काढून पुढच्या जाळीच्या मागं, रेडिएटरची गरम हवा लागणार नाही अशा कोपऱ्यात नवा पाईप आणला. तोंडाला तुम्ही एमआयडीसीतनं लेथवर अॅल्युमिनियमची रिंग करून आणली, कड चांगली गोल वळवलेली. ती रिंग मी हातात घेऊन लै वेळ बघत बसलो होतो मामा. बोट फिरवलं तर कुठं धार नाही, आतली बाजू पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत, आणि बसवल्यावर ती कुणाला दिसणार सुद्धा नाही अशा जागी जायची होती. पाईपचं तोंड नुसतं कापून सोडलं की हवा धारेवर आपटून आत भोवरे करते, कड गोल असली की तो तोटा जवळजवळ संपतोच. हे इंजिन ६००० आरपीएमला पूर्ण पाय दाबल्यावर मिनिटाला ३९०० लिटरच्या आसपास हवा मागतं, मग तोंडापाशी केलेली एवढी मेहनत वाया कशी जाईल?

पाईप खाली बंपरमध्ये न्यायचा का असं मी विचारलं होतं, तिथं हवा जास्त गार असणार म्हणून. तुम्ही लगेच नाही म्हणालात. आपल्याकडं सप्टेंबरात एकदा का ओढे-नाले भरले की रस्त्यावर गुडघाभर पाणी येतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, सिलेंडरात गेलं की कनेक्टिंग रॉडच वाकतो. तोंड बॉनेटच्या पट्टीच्या उंचीला ठेवलंत ते ह्याच्यासाठी. क्रँककेसचा ब्रीदर पाईप (इंजिनच्या आतली तेलकट वाफ बाहेर काढणारा) पण तुम्ही आठवणीनं परत बॉक्सला जोडला, बरेच जण तो मोकळा सोडून देतात अन् मग इंजिनवर तेलाची फवारणी.

आता आवाज. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणारच नाही. पाईपच्या बाजूला तो काळा प्लास्टिकचा बंद डबा असतो, रेझोनेटर, मला वाटायचं तो हवा साठवायला असेल. तुम्ही रिकामी बाटली घेतली, तोंडावर फुंकर मारली आणि म्हणालात हा डबा असाच एका सुराला गुणगुणतो, इंजिनचा तेवढाच सूर गिळून टाकायला कंपनी तो लावते. चार सिलेंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा हवेचा घोट घेतं, त्याच घोटांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. तुम्ही डबा काढला, त्याच्या जागी बूच मारलं, आणि डबा पिशवीत घालून माझ्या हातात दिला की खालच्या आरपीएमला ओढ कमी वाटली तर परत लावून घे. मला काही कमी वाटली नाही, डबा घरी माळ्यावर आहे.

हळू चालवलं तर गाडी आधीसारखीच गप. घरात आई झोपलेली असताना मी रात्री गाडी बाहेर काढतो, तिला कळत नाही. पण तिसऱ्या गिअरला ३५०० च्या पुढं पाय दाबला की पुढनं एक भरदार, घुमणारा, खर्जातला आवाज येतो, आणि अंगावर काटा येतो हो मामा, खरंच येतो! सायलेन्सरला हात लावायचा नाही ही तुमची अट होती. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ पण तुम्ही समजावून सांगितलं, की आरसी बुकातल्या मूळ कंपनीच्या माहितीशी जुळणार नाही असे बदल चालत नाहीत, आणि काम झाल्यावर पीयूसी करून यायला लावलं. पीयूसीत काहीच फरक नाही.

धुळीचं पण बोलतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या रस्त्यांवर काय हवा असते ते सगळ्यांना माहितीय, अन् उसाच्या ट्रॅक्टरमागं तासभर चालवलं तर समोरची काच पुसून पुसून हात दुखतो. तेल लावलेले जाळीचे फिल्टर हवा मोकळी सोडतात पण बारीक धूळ कागदाइतकी धरत नाहीत, ती आत गेली की पिस्टन रिंग अन् सिलेंडर घासून खाते, आणि ज्या गाड्यांत हवा मोजायचा गरम तारेचा सेन्सर असतो तिथं जास्तीचं तेल तारेवर बसून रीडिंग बिघडवतं. मळणीच्या दिवसात गाडी वापरून झाल्यावर तुम्ही पाईप खोलून आतनं पांढरं फडकं फिरवलं होतं, आणि फडकं पांढरंच बाहेर आलं. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मला वाटलं की गाडी माझी असली तरी काळजी जास्त तुम्हालाच आहे.

परवा बीडहून येताना मांजरसुंब्याचा घाट एसी लावून तिसऱ्यातच चढलो, चार माणसं, मागं पेरणीचं सामान. आधी ह्याच वळणांवर दुसरा टाकावा लागायचा. आता त्यात पाईपचा वाटा किती, थंड हवेचा किती आणि तुम्ही बदललेल्या प्लगचा किती ते मी नाही सांगू शकत, ॲव्हरेज तर आहे तेवढंच आहे. पण थर्मामीटर अजून बॉक्सला लावलेला आहे आणि घाटाच्या वर सुद्धा तो बाहेरच्या हवेपेक्षा ५-६ डिग्रीच जास्त दाखवत होता.

पैसे द्यायला लागलो तर तुम्ही फक्त लेथवाल्याचे अन् पाईपचे घेतले, मोजण्यात गेलेल्या वेळाचे घेतलेच नाहीत. माझं म्हणणं आहे की मामा तुम्ही त्याचेच जास्त घ्या. जो माणूस नळीत निळं पाणी भरून खरं काय ते दाखवतो, त्याच्या त्या वेळाची किंमत लोकांनी दिली पाहिजे, आणि इथं वाचणारं कुणी तुमच्याकडं आलं तर त्यांनी ती आधी विचारावी.

दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला येतोय, नवीन फिल्टर मीच घेऊन येतो. सोबत धाकटा भाऊ त्याची आय टेन घेऊन येणार आहे, त्याला कोनच बसवायचाय म्हणतो. त्याला मी काही बोललो नाही, तुम्ही ती पट्टी अन् नळी तेवढी काढून ठेवा.

तुमचाच,
अंबाजोगाईचा लाल स्विफ्टवाला