त्या चहाच्या डब्याबद्दल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू परत विचारलंस ना, आई एवढा महागाचा चहा कशाला घेतला, इंदूरमध्ये चहा मिळत नाही का. तेव्हा गळा भरून आला, नीट सांगता नाही आलं, म्हणून लिहितेय.

त्या दिवशी लंडनला तू ऑफिसला गेलास आणि मी नाइट्सब्रिज स्टेशनला उतरून एकटीच हॅरॉड्सच्या त्या मोठ्या दुकानात शिरले. पर्सेस-घड्याळं काही बघितली नाहीत, सरळ फूड हॉल गाठला. एका दालनात पूर्वी मटण विकायचे, आता तिथे लोक जेवायला बसतात. आपण शाकाहारी, म्हणून मी मान वर करूनच चालले आणि बरं झालं रे, कारण बघायचं ते सगळं वरच आहे, नीटबी नावाच्या कलाकाराच्या १९०२ च्या सुमाराच्या टाइल्स, शिकारीची गोल गोल चित्रं, झाडं, पक्षी. खाटकाच्या दुकानासाठी कुणी एवढा जीव ओततं! कितीतरी वेळ मी तिथेच उभी.

मग चहाचा विभाग आला. तिथे चहाला नावाबरोबर नंबर असतात. मी जो घेतला तो नंबर १४, त्यात आसाम, दार्जिलिंग, सिलोन आणि केनिया असं मिश्रण आहे. ते वाचलं आणि मला अण्णाच दिसले. तुझ्या आजोबांचं मल्हारगंजातलं दुकान तू पाहिलं नाहीस. ते सुटा चहा विकायचे, आसामची दाणेदार आणि दार्जिलिंगची पत्ती स्वतः मिसळायचे, गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, अण्णा, नंबर दोन, पावशेर द्या. मी शाळेतून आले की पुड्या बांधायला बसायचे, हाताचा वास रात्री जेवतानाही जायचा नाही.

आणि तुला माहितीये का, हे दुकान काढणारे हॅरॉड पण किराणावालेच, चहावर जास्त जोर. १८४९ मध्ये ब्रॉम्प्टनला आले तेव्हा एक खोली, दोन मदतनीस आणि निरोप्या पोरगा, बस्स. १८८३ च्या डिसेंबरमध्ये अख्खं दुकान जळलं, तरी हॅरॉडांच्या मुलाने ख्रिसमसच्या ऑर्डरी पोचवल्या. अण्णांच्या दुकानात एका पावसाळ्यात पाणी शिरलं, पोती भिजली, तेव्हा त्यांनी उधारीवर माल आणून सायकलवर घरोघरी पुड्या दिल्या होत्या, मला ते लख्ख आठवतं. म्हणून घेतला डबा. पैसे तुझे होते, तुला न विचारता घेतला, हे मात्र चुकलंच.

परवा मामा आला होता. त्याला न सांगता तोच चहा दिला, आलं-बिलं काही न घालता. एक घोट घेऊन तो कपाकडे बघतच राहिला, मग म्हणाला, ताई, नंबर दोन कुठून आणलास?

तुझी,
आई