शनिवारी आपेनझेल: लोकसंगीत ऐकायला चला

मंडळी, या शनिवारी आपेनझेल गावी 'ष्टुबेटे'मध्ये स्विस लोकसंगीत ऐकायला जायचं आहे. सकाळी ९ वाजता झ्युरिक मुख्य स्थानकात मोठ्या घड्याळाखाली भेटू. गोसाऊला गाडी बदलायची आहे.

'ष्टुबेटे' म्हणजे गावच्या खानावळीत वादकांनी जमून केलेली मैफल. तिची पाटी बहुधा दारावरच असते, म्हणून ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी आपापल्या गावातही शोधा.

- व्हायोलिनसोबत हाकब्रेट ऐका. आपल्या संतूरचा चुलतभाऊच!
- खायला-प्यायला काहीतरी मागवा. नुसतं टेबल अडवू नका.
- वादन चालू असताना गप्पा नकोत (आपल्याला जड जाईल, माहीत आहे).
- वादकांसाठी टोपी फिरली तर सुटे फ्रँक हवेत.

येणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत नाव कळवा, जागा राखायच्या आहेत.