‘अमेरिकन मॅडनेस’ दाखवच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या नव्या मुलांना शिकवताना एखादा सिनेमा दाखवायचं म्हणतोस, तर फ्रँक काप्राचा १९३२ चा ‘अमेरिकन मॅडनेस’ निवड. जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि जवळजवळ सगळा बँकेतच घडतो.

वॉल्टर ह्यूस्टनने रंगवलेला टॉम डिक्सन हा बँकेचा अध्यक्ष. तारणापेक्षा माणूस पाहून कर्ज देतो म्हणून संचालक त्याच्यावर नाराज. हे पात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या ए. पी. जियानिनीवरून सुचलं असं मानतात. १९०६ च्या भूकंपानंतर बंदरावर फळी टाकून कर्जवाटप करणारा बँकर तो हाच.

मुलांना सुरुवात नीट बघू दे. सकाळी तिजोरी उघडते आणि टेलर, म्हणजे रोखपाल, आपापली रोकड घेऊन खिडक्यांवर बसतात. सगळं टाइम लॉकवर, म्हणजे ठरलेल्या वेळीच उघडणाऱ्या कुलपावर, चालतं आणि पुढचा दरोडाही त्यातूनच होतो, कारण बँकेतलाच एक कर्जबाजारी अधिकारी टोळीला सामील असतो. चोरी एक लाख डॉलरची. ती बातमी टेलिफोन ऑपरेटरकडून बाहेर पडते आणि दर फोनागणिक आकडा फुगतो, आणि घाबरलेले खातेदार ठेवी काढायला बँकेवर धावतात. हा तुकडा मात्र दोनदा लाव. काप्राने मुद्दाम प्रसंग नेहमीपेक्षा वेगात करून घेतले, संवाद एकमेकांवर चढू दिले. अफवेचा वेग त्यामुळे अंगावर येतो.

एक गोष्ट तू स्वतः समजावून सांग. डिक्सनची बँक बुडीत नाही, तिची रोकड संपत चालली आहे. ठेवींचा पैसा कर्जात गुंतलेला असतो आणि कर्ज दुपारपर्यंत वसूल होत नाही. डिक्सनने उभे केलेले व्यापारी शेवटी पैसे भरायला धावून येतात, म्हणून बँक तगते. कर्जंच बुडीत असती तर ते येऊनही भागलं नसतं. हा भेद सिनेमा भावनेच्या भरात झाकून टाकतो, आणि मला त्याची तेवढीच एक बाजू लंगडी वाटते.

काउंटरवरचा खरा डाव शिकवायला मॅरिनर एकल्स या बँकरचं उदाहरण जोड. १९३१ मध्ये युटातल्या ऑग्डेनला त्याच्या बँकेवर ठेवी काढणाऱ्यांची झुंबड आली. पहिल्या दिवशी त्याने टेलरना सांगितलं: घाई करू नका, प्रत्येक सही कार्डाशी ताडून पाहा, छोट्या नोटा द्या. दरम्यान फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या सॉल्ट लेक सिटी शाखेतून चिलखती गाडीने रोकड आली. तेव्हा काउंटरवर चढून त्याने लोकांना सांगितलं, की पैसे आले आहेत आणि बँक आज उशिरापर्यंत उघडी राहील. दुसऱ्या दिवशी नेमकं उलट: लवकर उघडा, भराभर पैसे द्या, रांग लागूच देऊ नका. रोकड तुटपुंजी असताना सावकाश, हाती आल्यावर झटपट. क्रम उलटा केलास तर पहिल्याच दिवशी तिजोरी रिकामी होते, किंवा दुसऱ्या दिवशी रांग बघून आणखी लोक येतात.

सिनेमाच्या वेळी अमेरिकेत ठेवींना देशव्यापी विमाच नव्हता, हेही आधी सांग, नाहीतर खातेदारांची ती घालमेल पोरांना अतिरेकी वाटेल. न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ डिसेंबर १९३० मध्येच बंद पडली होती. चार लाखांहून अधिक ठेवीदार अडकले. नाव सरकारी, बँक खासगी. विम्याचा कायदा झाला १९३३ मध्ये, आणि १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या.

दाखवून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न दे: गर्दी दारात असताना डिक्सनच्या जागी तुम्ही रोकड आधी कुठून उभी केली असती? उत्तरं लेखी घे आणि मला पाठव.

तुझा,
अविनाश