एका रेघेने खोडलेल्या नावाबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

त्या दुपारी आपण हातातले भिंग माझ्या हाती दिलेत, तेव्हा आभाराचे दोन शब्दही मला सुचले नाहीत, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. आपले नाव त्यात मुद्दामच घातलेले नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही हे मी जाणते.

माझ्याकडे दोन हॉवरफ्लाय, म्हणजे मधमाशीसारख्या दिसणाऱ्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या होत्या. थंडीत मिळालेली जवळजवळ काळी होती, तर उन्हाळ्यात मिळालेलीच्या पोटावर दोन्ही बाजूंना मोठे नारिंगी डाग होते. आपल्याकडे येण्याआधी मी तीन जाणकारांचे उंबरे झिजवले. पहिल्यांनी पेटीचे झाकणही न उघडता 'या मधमाश्या आहेत' असे सांगून टाकले. वास्तविक मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, आणि इथे एकच जोडी काचेतूनही दिसत होती. दुसऱ्यांनी माशी पुस्तकातल्या चित्राशेजारी धरली आणि रंग जुळेना म्हणून दोष माशीला दिला. तिसऱ्यांनी तर काळी माशी ही नवीच जात असल्याचे जाहीर करून माझे अभिनंदन केले. त्या अभिनंदनावर मी दोन महिने अधांतरी तरंगत होते, हे लिहिताना आजही लाज वाटते.

आपण मात्र सुरुवातीला रंगाचा विषयच काढला नाही. डोळ्यांवरच्या केसांचे उभे पट्टे, चेहऱ्यावरची रुंद काळी रेघ, मागच्या पायाची जाडसर, वाकलेली नडगी आणि पंखातल्या शिरेला पडलेला खोल बाक, हे सारे दोन्ही माश्यांत सारखेच असल्याचे मला माझ्या डोळ्यांनी पाहायला लावलेत आणि मगच 'दोन्ही एरिस्टॅलिस टेनॅक्स' असे म्हणालात. माशी कोशात असताना हवा गार असली तर काळा रंग अधिक पसरतो आणि उबदार असली तर नारिंगी भाग मोठा राहतो, शिवाय काळे अंग ऊन लवकर शोषत असल्याने गार दिवसांत उडणाऱ्या माशीच्या ते पथ्यावरच पडते, हे ऐकल्यावर माझी 'नवी जात' जागच्या जागी विरघळली. एपिसिर्फस बाल्टिएटस या दुसऱ्या हॉवरफ्लायच्या पोटावरचे दुहेरी काळे पट्टेही असेच कधी जाड, कधी बारीक का दिसतात, हे कोडेही त्याच वेळी सुटले.

तरीही माझ्या मनात घर करून राहिले ते वेगळेच. मी ओशाळले आहे हे पाहून आपण उठून कपाटातली एक जुनी पेटी काढलीत. तीतल्या एका काळपट माशीखालच्या चिठ्ठीवर आपल्याच हातचे चुकीचे नाव होते. ते एका बारीक रेघेने खोडलेले होते आणि खाली बरोबर नाव व दुरुस्तीची तारीख होती. चिठ्ठीच बदलली असती तर कोणाला कळले असते? आपण फक्त एवढेच म्हणालात, "मीही रंगालाच फसले होते." त्या एका वाक्याने तीन जाणकारांचा सगळा कडवटपणा उतरला.

त्याच पेटीत स्फेरोफोरिया या हॉवरफ्लायच्या गटातल्या काही माद्याही होत्या; या गटात अनेक जाती येतात. त्यांच्या पिवळ्या खुणांवरून जात खात्रीने ठरवता येत नाही, म्हणून आपण 'स्फेरोफोरिया' एवढेच लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. इतका अनुभव गाठीशी असलेली व्यक्ती जागा कोरी सोडू शकते, हा सभ्यपणा मी या विषयात फार थोड्यांत पाहिला आहे. बाकीच्यांना नाव सांगितल्यावाचून राहवत नाही.

घरी येताच काळ्या माशीखालची चिठ्ठी काढून फाडणार होते. फाडली नाही. 'नवी जात' हे शब्द रेघेखालून अजून वाचता येतात, आणि शेजारी तारीख घातली आहे.

आपली कृतज्ञ,
दोन माश्या घेऊन आलेली विद्यार्थिनी