गाण्यांच्या यादीआधी वेळेचा कागद

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

छोटीच्या लग्नातल्या संगीताचं आणि डीजेवाल्याशी बोलायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत, छान झालं. फक्त बाबा, तुम्ही म्हणता तशी सुरुवात गाण्यांच्या यादीपासून करू नका. यादी शेवटी. ती कितीही चांगली असली तरी कुठलं गाणं कधी सुरू करायचं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे ठरलं नसेल तर ती डीजेच्या खिशातच राहते.

आधी एक कोरा कागद घ्या. पाहुण्यांचं येणं, दोघांचा प्रवेश, विधी, भाषणं, जेवण, नाच, निरोप असा दिवसाचा क्रम लिहा. प्रत्येकासमोर वेळ, काय वाजवायचं (किंवा काहीच नाही) आणि इशारा कोण देणार, एवढंच. तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. डीजेला दाराबाहेरचं दिसत नसतं. मग गाणं सुरू होतं आणि दारात कुणीच नसतं, नाहीतर मुलगी अर्ध्या वाटेवर आल्यावर गाणं सुरू होतं. फोनवरून इशारा द्यायचा बेत करू नका, गोंगाटात फोन वाजलेला कळत नाही. डीजेला सरळ दिसेल अशा जागी एक माणूस उभा हवा. कागदावरची एक ओळ अशी दिसेल:

६:४० – छोटीचा प्रवेश – फाइल ०३, १ मिनिट १२ सेकंदांपासून – इशारा मामा, डाव्या दारातून हात वर – ती जागेवर पोचली की ६ सेकंदांत हळूहळू बंद.

हे 'पासून' का, ते सांगते. जागा बघायला जाल तेव्हा दारापासून दोघांच्या बसायच्या जागेपर्यंत घड्याळ लावून सावकाश चालून बघा. सेकंदाला अर्धा मीटर धरला तर २० मीटरला ४० सेकंद लागतात. गाणं असतं साडेचार मिनिटांचं, आणि कित्येक गाण्यांत पहिला अर्धा मिनिट नुसतं वाद्यसंगीत. म्हणजे मुखडा सुरू होईपर्यंत मुलगी जवळजवळ पोचलेली असते. त्यामुळे त्यातले कुठले ४० सेकंद हवेत ते छोटीलाच ठरवू द्या. त्यापुढचा किमान एक मिनिट त्याच लयीचा असू दे, कारण वाटेत कुणी ना कुणी तिला फोटोसाठी थांबवतंच. शेवट झटक्यात तोडायचा नाही हेही कागदावर लिहा. आवाज एकदम कापला की सगळ्यांच्या माना डीजेकडे वळतात.

आता 'काहीच नाही' या रकान्याबद्दल. विधी चालू असताना आणि भाषणांच्या वेळी मागे बारीक संगीत सोडायची बऱ्याच डीजेंना सवय असते. ते नको म्हणून स्पष्ट सांगा. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही व्यंजनं बरीचशी तिथेच असतात. माणूस बोलतोय हे कळतं, पण शब्द लागत नाही. त्यात मागून संगीत आलं की उरलेलंही बुडतं. अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण वाढतो तो घुमारा. डीजेला सांगायचं की बोलण्याच्या माइकवर १०० ते १२० हर्ट्‌झच्या खालचा, म्हणजे खर्जातला भाग कापून टाक. त्याच्या मिक्सरवर (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर) त्यासाठी बटण असतं. त्याला हे नवीन नसतं, पण कुणी म्हटल्याशिवाय तो करेलच असं नाही.

माइक तीन हवेत: दोन वायरलेस, हातात धरायचे, आणि एक वायरचा, हाताशी ठेवलेला. विधी सांगणाऱ्यांचे हात अडकलेले असतात, त्यांना कॉलरला लावायचा वेगळा माइक द्यावा. वायरलेस माइकमध्ये कार्यक्रमाच्या दिवशी नव्या बॅटऱ्या घालायच्या, 'अजून अर्ध्या आहेत' यावर विसंबायचं नाही. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे माइकचा आवाज पकडणारा डबा, टेबलाखाली न ठेवता वर, माइकच्या थेट नजरेत हवा. मधे माणसांची गर्दी आली की आवाज तुटक येतो. कार्यक्रम उघड्यावर असेल तर माइकला फोमची टोपी लागते, नाहीतर वाऱ्याची फडफड शब्दांपेक्षा मोठी ऐकू येते.

आई, भाषण करणाऱ्यांना माइक कसा धरायचा ते तूच सांग, तुझं सगळे ऐकतात. तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या उंचीला, दांड्याच्या मधे पकडून. वरच्या जाळीवर मूठ आवळायची नाही. हा माइक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो. जाळी झाकली की त्याचा तो गुण जातो, सगळीकडचा आवाज शिरतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये जातो, तोच पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतो, त्या चक्राची ती शिट्टी. त्यामुळे माइक घेऊन स्पीकरच्या समोर चालायचं नाही. शिट्टी आली की लोक घाबरून माइक तोंडापासून लांब धरतात, मग डीजे आवाज वाढवतो आणि शिट्टी परत येते. माइक जवळ धरणं हाच त्यावर उपाय.

स्पीकर कुठे ठेवायचे यावर डीजेशी थोडी घासाघीस करावी लागेल. त्याला ते स्वतःच्या टेबलाशेजारी सोयीचे वाटतात. स्पीकरचा वरचा भाग बसलेल्यांच्याच नव्हे, उभ्या माणसांच्याही डोक्यावर हवा, म्हणजे आवाज लांबवर पोचतो आणि पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे त्याहून कमी उतरतो. म्हणून वडीलधाऱ्यांची टेबलं नाचाच्या जागेपासून सगळ्यात लांब, आणि कुठलंच टेबल स्पीकरच्या तोंडाशी नको. सबवूफर, म्हणजे खाली ठेवलेला मोठा डबा, कोपऱ्यात किंवा पोकळ लाकडी मंचावर नको. कोपऱ्यात त्याचा दणका वाढतो, पोकळीत घुमतो, आणि हा आवाज सगळ्या दिशांना पसरत असल्यामुळे लांब बसूनही त्यातून सुटका नसते.

सभागृह लांबट असेल तर मागच्या रांगांसाठी बोलण्यापुरते दोन छोटे स्पीकर वेगळे मागा. मात्र त्यांना 'डिले' लावायला सांगा, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडायला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटर लांबच्या माणसाला पुढचा आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, जवळच्या स्पीकरचा मात्र लगेच. एवढ्या फरकाने बोलणं दोनदा ऐकू येतं आणि शब्द एकमेकांवर चढतात.

आवाज किती मोठा असावा याचे आकडे हातात असू देत, म्हणजे 'थोडा कमी करा' असं चारदा म्हणावं लागत नाही. समोरासमोरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं, म्हणून जेवणाच्या वेळचं संगीत त्याच्या खालीच राहू दे. नाचाच्या जागेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली वरची मर्यादा सांगितली आहे: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल. ती कमाल आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. कानांना धोका न होता आठवड्यात किती ऐकावं याचा त्याच संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला ४० तास असा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९२ ला अडीच तास, ९५ ला सव्वा तास. नाचाच्या मधोमध ९० ते ९२ पुरे आहे. लहान मुलं स्पीकरसमोर जाऊन नाचतात, त्यांच्यावर कुणीतरी डोळा ठेवा. फोनवरचं आवाजमापक ॲप थोडं इकडेतिकडे दाखवतं, पण अंदाजाला चालतं.

बाबा, तुम्ही श्रवणयंत्र लावून बसणार असाल तर स्पीकरकडे पाठ आणि बोलणाऱ्याकडे तोंड ठेवा. गोंगाटासाठीची सेटिंग नाचापर्यंत थांबून न लावता आधीच लावून घ्या.

विजेबद्दल जागेच्या व्यवस्थापकाशी बोला, डीजेशी नाही. डीजेची लाइन स्वयंपाकघर आणि शोभेच्या दिव्यांपासून वेगळी हवी. एकाच लाइनवर सगळं असलं की भट्टी लागताच फ्यूज उडतो, आणि दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरमुळे स्पीकरमधून गुणगुण येत राहते. गुंडाळी केलेली एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडून वापरायची, कारण जास्त भार पडला की गुंडाळीत ती तापते. काही सभागृहांत आवाजमर्यादक बसवलेला असतो, ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की तो वीजच तोडतो. असा आहे का, आणि संगीत किती वाजता बंद करावं लागतं, दोन्ही आधी विचारून घ्या.

आता गाणी. सरासरी ४ मिनिटांचं गाणं धरलं तर तासाला १५ होतात. नाचात डीजे गाणी अर्ध्यावर बदलतो, त्यामुळे तिथे २० ते २५. तीन तासांच्या नाचाला ६० ते ७५ गाणी लागतील, पण तेवढी तुम्ही द्यायची नाहीत. 'हवीच' अशी १५ आणि 'नकोतच' अशी १० द्या. मधली जागा त्याची. समोरची माणसं बघून गाणं बदलणं हे त्याचं कसब आहे, आणि पूर्ण यादी हातात दिली की तो तिचा नोकर होतो. 'नको'ची यादी मात्र नीट करा. प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐका, मुखडा गोड आणि दुसऱ्या कडव्यात ताटातूट अशी गाणी कमी नाहीत.

गाण्याच्या नावासोबत गायक आणि कुठली आवृत्ती तेही लिहा. एकाच गाण्याचं मूळ, मैफिलीतलं आणि नव्या ठेक्यातलं अशी तीन रूपं असतात, आणि नेमकं नको ते वाजतं. प्रवेशाची आणि पहिल्या नाचाची गाणी इंटरनेटवरून त्याच क्षणी वाजवायची नाहीत, कारण गर्दीत नेटवर्क दमतं. ती चांगल्या दर्जाची फाइल म्हणून द्यायची, ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही, दोन पेन ड्राइव्हवर, नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे घालून. फोनवरून वाजवायची वेळ आलीच तर तो एअरप्लेन मोडवर टाकून वायरने जोडायचा. नाहीतर ऐन क्षणी कुणाचा तरी फोन येतो आणि रिंग सभागृहभर वाजते.

नाचाचा पहिला अर्धा तास आधीच्या पिढीच्या गाण्यांना द्या. मोठी माणसं लवकर निघतात आणि त्यांची गाणी शेवटी ठेवली तर त्यांना ती मिळतच नाहीत. सहा मात्रांच्या झोकाच्या गाण्यावरून एकदम आठ मात्रांच्या ठेक्यावर उडी मारली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. एका तालाची तीन-चार गाणी सलग, मग बदल. दर चार-पाच गाण्यांनंतर एक संथ, श्वास घ्यायला. फर्माइशी डीजेकडे एकाच माणसामार्फत जाऊ द्या. मावशीच्या मोठ्या मुलाला द्या हे काम, त्याला नाही म्हणता येतं.

डीजेला भेटाल तेव्हा एवढं लेखी घ्या: तो स्वतः येणार की दुसरा कुणी, लॅपटॉप बंद पडला तर पर्याय काय, मांडणीला किती वेळ हवा (दोन तास तरी धरा) आणि वेळ वाढली तर किती पैसे. साउंड चेक, म्हणजे माइक-स्पीकरची चाचणी, पाहुणे यायच्या आधी संपायला हवा. रिकामं सभागृह घुमतं, माणसं भरली की वरचे आवाज शोषले जातात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत त्याने मागच्या रांगेत येऊन ऐकावं. व्हिडिओवाल्याला मिक्सरमधून वेगळी वायर मिळेल का तेही विचारा. कॅमेऱ्याच्या माइकवर भाषणांपेक्षा खोकलेच जास्त रेकॉर्ड होतात.

छोटीने प्रवेशाचं गाणं ठरवलं की मला पाठवायला सांगा, सुरुवातीची वेळ मी काढून देईन. वेळेच्या कागदाच्या चार प्रती काढा: डीजे, मामा, व्हिडिओवाला आणि बाबांच्या खिशात एक. तब्येत सांभाळा.

तुमची,
मोठी