काचेआडचं ऊन

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय श्रीनिवास,
सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. "कासवाची पाठ अंगठ्यानं दाबली तर दबतेय बे, पुठ्ठ्यासारखी," असं तू म्हणालास आणि मी गप्प झालो. तुला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. चार वर्षांपूर्वी सईनं मला अगदी हेच सांगितलं होतं आणि मी तिला म्हणालो होतो, "लहान आहे गं अजून, होईल टणक." तेव्हा आमच्याकडे दोन कासवं होती. आता एक आहे.

म्हणून हे पत्र. मोठं होणार आहे, पण पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. पुण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठ आणि कासवाचा एक्स-रे काढून घे. उद्या-परवावर ढकलू नकोस. इथं मी ज्यांच्याकडे गेलो ते गाई-म्हशींचे चांगले डॉक्टर होते, पण कासव त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं, आणि त्यात माझे बारा दिवस गेले. ते बारा दिवस मला अजून टोचतात.

आमच्या बाहेरच्या खोलीची पूर्वेची खिडकी तुला आठवत असेल. तिथंच काचेची टाकी ठेवली होती. सकाळी सातपासून दहापर्यंत उन्हाचा पट्टा थेट टाकीवर पडायचा. दगडू आणि ठकी विटेवर चढून, मान ताणून, मागचे पाय पसरून बसायची. कासवाला ऊन लागतं एवढं मी वाचलं होतं, आणि ऊन म्हणजे सोलापूरचं ऊन! ते कमी पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भूगोल शिकवणारा माणूस मी, मुलांना सूर्यकिरणांचे कोन फळ्यावर काढून दाखवतो, पण मधल्या काचेचा विचार केला नाही.

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील किरणांतला जो पट्टा हाडांसाठी लागतो, ज्याला यूव्हीबी म्हणतात, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा, तो जवळजवळ सगळा काचेतच अडतो. बऱ्याचशा प्लॅस्टिकचंही तेच. तुझ्या फ्लॅटची बाल्कनी सरकत्या काचांनी बंद केलेली आहे आणि कासव त्या काचांच्या आत आहे. तू फोनवर म्हणालास, "ऊन भरपूर येतं रे." श्री, ते ऊन त्याच्या दृष्टीनं रिकामं आहे.

आत काय घडतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मी स्वतःला माफ करू शकलो नसतो. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर यूव्हीबी पडलं की त्याचं रूप बदलतं, आणि मग अंगाच्या उबेनं त्याचं हळूहळू ड-३ जीवनसत्त्व होतं. म्हणजे किरणही हवेत आणि ऊबही हवी. कासव गारठलेलं असेल तर नुसत्या किरणांनी काम अर्धंच होतं. पुढे ते यकृतात जातं, मग मूत्रपिंडात, आणि तिथं त्याचं खरं कामाचं रूप तयार होतं. ते आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे. हा निरोप गेलाच नाही तर तू कितीही कॅल्शियम चार, ते विष्ठेतून निघून जातं.

पण हृदयाला, स्नायूंना कॅल्शियम तर लागतंच. मग शरीर हाडांतून काढायला लागतं. घरात पगार यायचा बंद झाला की आधी बायकोच्या पाटल्या मोडतात, मग मंगळसूत्रावर येतं, तसं. कासवाची पाठ हे नुसतं कवच नसतं, त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणकेच पसरून, जुळून ती बनलेली असते. तुझ्या अंगठ्याखाली जे दबलं ते त्याचं हाड होतं.

ठकीचं आधी खाणं कमी झालं. मग ती विटेवर चढेना. मागचे पाय ओढत चालायची, आणि एके दिवशी पायांना बारीक कंप सुटला. पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आदल्या रात्री ती गेली. दगडूचा एक्स-रे मी टेबलावर पाहिला. हाडाच्या पांढऱ्या रेषा जिथं हव्यात तिथं नुसतं धुरकट होतं.

त्याच महिन्यात आईचा रक्ताचा रिपोर्ट आला. गुडघे, कंबर, सारखा थकवा. ड जीवनसत्त्व फारच खाली. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पुडी दिली. आई म्हणाली, "अरे, सोलापुरात राहून उन्हाची पुडी खायची?" आपल्याकडे फाल्गुन संपत आला की खिडक्या लावून घेतात, पडदे ओढतात, डोक्यावरून पदर घेऊनच बायका बाहेर पडतात. ते बरोबरच आहे, ४२-४३ अंशांत दुसरं काय करणार. पण त्या दिवशी तिच्या रिपोर्टवरचा आणि दगडूच्या कागदावरचा आजार मला एकच दिसला.

मग मी वाचत सुटलो. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले. एका मुलाच्या एकाच हातावर किरण पाडले आणि एक्स-रे काढला, तर दोन्ही हातांची हाडं भरत होती! त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे फिरतं, हे त्यातून कळलं. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे बछडे मुडदुसानं मरत होते. ब्लँड-सटन नावाच्या शल्यवैद्यांनी नुसत्या मांसाऐवजी हाडांचा चुरा आणि कॉडलिव्हर तेल द्यायला लावलं, आणि बछडे उभे राहिले. आणि २००६ मध्ये अमेरिकेत आपल्या कासवांच्याच जातीच्या, कानाजवळ लाल पट्टा असलेल्या कासवांवर प्रयोग झाला. ज्यांच्यावर यूव्हीबी दिवा होता त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व बिनदिव्याच्या कासवांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. हे सगळं छापलेलं होतं. मीच उशिरा वाचलं.

आता दिव्याचं. इथं मी दुसरी चूक केली, ती तू करू नकोस. एका दुकानदाराला "यूव्ही दिवा" म्हटल्यावर त्यानं जांभळ्या उजेडाचा बल्ब हातात ठेवला. तो नोटा तपासायला वापरतात तसा होता. त्यातून यूव्हीए निघतं, म्हणजे अतिनीलातलाच दुसरा, सौम्य पट्टा, त्यानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. याच्या उलट पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला दिवा. तो यूव्हीसीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या जहाल पट्ट्याचा असतो, २५४ नॅनोमीटरचा. तो उघडा लावलास तर कासवाचे डोळे जातील आणि तुझ्या वेदांतचेही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा म्हणून बनवलेला, यूव्हीबीचा आकडा छापलेला दिवाच घ्यायचा. मी टी-५ जातीची लांब ट्यूब घेतली, वर चकचकीत पत्र्याचं परावर्तक असलेली. मधे काच नाही, प्लॅस्टिकचं झाकण नाही. बारीक जाळीनंसुद्धा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, अडतो. किती उंचीवर टांगायची ते कंपनीच्या तक्त्यात असतं. ते फूटपट्टीनं मोजून लाव, कारण थोडं अंतर वाढलं तरी मात्रा झपकन उतरते.

आणि ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसते तोवर ती चांगली आहे असं समजू नकोस. दिसणारा उजेड टिकतो, पण यूव्हीबी हळूहळू आटतं. मी ट्यूबच्या टोकाला तारीख लिहितो आणि वर्षाच्या आत बदलतो. ज्यांच्याकडे मोजायचं यंत्र आहे ते यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, बघतात. फर्ग्युसन नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्या-सापांच्या जागी जाऊन ते खरोखर किती ऊन घेतात हे मोजलं आणि २०१० मध्ये चार गट मांडले. आपलं कासव उघड्यावर बसून ऊन घेणाऱ्या तिसऱ्या गटात धरतात, म्हणजे निर्देशांक सरासरी १ ते २.६. दिवसभर भाजून काढायचं नसतं, आणि सावलीची जागा हवीच. मादागास्करच्या पँथर सरड्यांना पोटातून ड कमी मिळालं तर ते आपणहून किरणांत जास्त वेळ बसतात, भरपूर मिळालं तर कमी. त्यांना कळतं ते. आपण फक्त दोन्ही जागा ठेवायच्या.

पण दिव्यापेक्षा मोठी गोष्ट आपल्याला फुकट मिळाली आहे. गेल्या २२ डिसेंबरला नववीच्या मुलांना घेऊन मैदानात एक मीटरची काठी उभी केली. साडेबाराच्या जरा आधी सावली सगळ्यात आखूड झाली: ८७ सेंटिमीटर. वर्षातल्या सर्वांत तिरप्या दिवशीही सूर्य इथं ४९ अंशांवर चढतो. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्हीबी चांगलं आहे असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे आपल्याकडे भर हिवाळ्यातही दुपारी ते मिळतं, आणि पुण्यातही, तिथं फरक जेमतेम एका अंशाचा. फक्त काच उघड, श्री.

उघडताना मात्र जपून. काचेची टाकी कधीही उन्हात ठेवू नकोस, ती भट्टी होते आणि कासव पाऊण तासात शिजतं. प्लॅस्टिकचा रुंद टब घे, थोडं पाणी, एक वीट, आणि अर्ध्या टबावर फळी टाकून पक्की सावली. आत्ता थंडीत अकरा-बाराच्या सुमारास अर्धा तास. एप्रिल-मेमध्ये साडेआठलाच आटपायचं. आणि शेजारी बसायचं. घार, कावळा, मांजर, सगळे टपलेले असतात.

खाण्यात वाळलेल्या कोळंबीचा डबा बंद कर. आम्ही तोच घालत होतो, त्यानं हाडांचं भलं होत नाही. कासवांसाठीचे चांगले दाणे, काट्यासकट बारीक मासळी, शेवग्याचा कोवळा पाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि पाण्यात समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ या समुद्री जिवाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा टाक, मनात येईल तेव्हा कुरतडतं. आईच्या पुडीतलं चिमूटभर दगडूला द्यावं असं एका रात्री माझ्या मनात आलं होतं. हात पुडीपर्यंत गेला होता. तू असलं काही करू नकोस. पोटातून ड जास्त गेलं तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात साठतं. त्वचेत तयार होणारं तसं उतू जात नाही. जास्त किरण पडले की त्याचेच निरुपयोगी पदार्थ बनतात. तोंडावाटे किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक. वहिनी वैतागून म्हणाल्या की नदीत सोडून ये, तर त्यांना समजावून सांग. हे कासव मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आपल्या पाण्यात सोडलं तर ते इथल्या कासवांचं ऊन आणि अन्न बळकावतं. आणि कोणी "त्यापेक्षा आपलं चांदण्यांच्या पाठीचं कासव आण" म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस, वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

दगडू वाचला. पाठ टणक झाली, पण मागच्या बाजूला खोलगट राहिली, आणि उजवा पाय तो अजून जरा ओढतो. हाड भरतं, पण वाकलेला आकार पुन्हा सरळ होत नाही. तुझ्या कासवाचं वय कमी आहे, आणि पाठ दबतेय हे कळताच तू फोन केलास. मी दोन महिने थांबलो होतो. म्हणून मला आशा आहे.

रोज सकाळी आई आणि दगडू गच्चीवर असतात. ती शेंगा फोडते आणि टबावरची फळी सरकवते, आणि तिचा पदर आता खांद्यावर असतो. नुकतंच सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याहून आल्यावर तिनं तुझी चौकशी केली. श्रीनिवास एकदाही गड्ड्याच्या यात्रेला आला नाही, म्हणाली.

उद्या रात्रीच्या बसनं एक पुडकं पाठवतोय. शेंगाचटणी, कडक भाकरी, तिळगूळ, आणि वेगळ्या पिशवीत समुद्रफेसाचे चार तुकडे. आधी रात्रभर पाण्यात भिजव, खारट असतात. एक्स-रेचा फोटो मिळाला की लगेच पाठव, कितीही वाजले असले तरी.

आणि वेदांतनं कासवाचं नाव काय ठेवलंय ते तू सांगितलंच नाहीस. सई विचारतेय.

तुझाच,
रमेश